निवृत्तीनंतर तब्येत कमवायची तर सुरुवात खुर्चीपासून

कोल्हापुरात पहाटे रंकाळा तलावाच्या काठावर निम्मी गर्दी निवृत्तांची असते. चालणं चांगलंच, ते सोडायचं नाही. पण वर्षभर नेमानं फेऱ्या मारणाऱ्यालाही दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना मांड्या भरून येतात आणि पंगतीतून उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो. चालण्यानं दम वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण १ टक्क्यानं झिजतात आणि ताकद त्याहून वेगानं उतरते. रोजच्या उठण्याबसण्यात ते पहिल्यांदा जाणवतं मांड्यांत. म्हणून साठीनंतरचा क्रम असा ठेवा: आधी मांड्या, मग तोल, मग दम. फळं आणि फळांच्या पावडरी त्यानंतर. पुष्कळ घरांत मात्र पावडरीचा डबा सगळ्यात आधी येतो.

आधी स्वतःला मोजा

हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. दोन्ही हात छातीवर घ्या. घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात पुरुषांना १४ आणि बायकांना १२ वेळा जमायला हवं. ६५ ते ६९ मध्ये १२ आणि ११, ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०. आकडा याखाली असेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजा. मग ओट्याजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावा आणि काही न धरता १० सेकंद थांबा. तेवढं थांबता येत नसेल तर तोलाचा सराव रोज हवा. दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवा.

छातीत दुखणं, थोडं चाललं तरी धाप लागणं, उठताना चक्कर, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अँजिओप्लास्टी किंवा गुडघ्याचं ऑपरेशन यापैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब फेरी मारू नये. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम फुटला की ती तिथंच खायची, घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही.

खुर्चीवरची बैठक

हा एक व्यायाम नीट जमला तर निम्मं काम झालं, म्हणून तो बारकाईनं शिका. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आता छाती पुढे झुकवा, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. तिथून टाचांनी जमीन दाबत, श्वास सोडत उभे राहा. खाली येताना मनात एक, दोन, तीन मोजत हळू बसा. ताकद या खाली येण्यातच जास्त कमावली जाते. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेलाच, वर मणक्याला दणका बसतो.

चुका साधारण तीन दिसतात. पावलं फार पुढे ठेवली तर उठताच येत नाही आणि माणूस हिसका देतो. गुडघे आत एकमेकांकडे वळले तर आतल्या बाजूला दुखायला लागतं. त्यावर उपाय म्हणजे उठता-बसताना गुडघे किंचित बाहेर ढकलून पावलांच्या रेषेत ठेवायचे. श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो, म्हणून आकडे मोठ्यानं मोजा. बोलताना श्वास रोखता येत नाही.

सुरुवातीला ८ वेळा, मग दीड मिनिट विश्रांती, पुन्हा ८. असं आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस सोडून. शेवटच्या दोन वेळा जड जाव्यात, पण ढब बिघडू नये, एवढं ओझं योग्य. अजिबात उठता येत नसेल तर खुर्चीवर चार इंचांची घट्ट उशी घाला. १२ वेळा दोनदा सहज व्हायला लागलं की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा. ओझं वाढवायचं ते दोन आठवड्यांतून एकदाच.

याच्या जोडीला भिंतीवरचे जोर (हात छातीच्या उंचीवर, पावलं भिंतीपासून हातभर मागे), ओट्याला धरून टाचा उचलणं १२ ते १५ वेळा आणि एक हात टेबलावर टेकून दुसऱ्या हातानं दोन किलोची पिशवी कमरेपर्यंत ओढणं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. कपिलतीर्थ मंडईतून भाजी आणताना एकाच हातात सगळं घेऊ नका. दोन पिशव्यांत सारखं वाटा आणि पाठ ताठ ठेवून चाला, पकड आणि पोट दोन्हींना काम मिळतं.

तोलासाठी दात घासताना ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं पुरतं, आधी १० सेकंद, मग ३०. आणि जमिनीवरून उठण्याची सवय मोडू देऊ नका. कुशीवर वळायचं, दोन्ही हात आणि गुडघ्यांवर यायचं, बळकट पाय पुढे टाकायचा, एक हात खुर्चीवर ठेवून उठायचं. रोज एकदा केलं तर एखाद्या दिवशी बाथरूममध्ये पडल्यावर काय करायचं ते शरीराला ठाऊक असतं.

तालमीत घडलेल्यांसाठी वेगळं सांगावं लागतं. तरुणपणी तांबड्या मातीत रोज शेकड्यांनी जोर-बैठका मारलेला माणूस साठीत पुन्हा सुरू करतो तेव्हा मनातला आकडा जुनाच असतो. मनाला आठवतं, पण गुडघ्याच्या वाटीखालचे स्नायुबंध तेवढे तयार नसतात. झटक्याच्या पूर्ण बैठका आणि सपाट्या पहिले तीन महिने नकोत, खुर्चीचीच बैठक घ्या. दुसरं म्हणजे खुराक. व्यायाम सुटला तरी दूध, तूप, बदामाची थंडाई तशीच चालू राहिली की पोट सुटतं आणि साखर वाढते. मेहनत असेल तेवढाच खुराक.

दुखणं कुठलं चालेल? दुसऱ्या दिवशी मांडी ठणकणं ठीक. सांधा दुखत असेल आणि व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं पूर्वीपेक्षा जास्त राहिलं तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करा.

चालणं

आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे रोज ३० मिनिटं असे पाच दिवस. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. गप्पा रंगल्या की वेग उतरतोच, म्हणून पहिली पंधरा मिनिटं एक मिनिट झपझप, दोन मिनिटं सावकाश असं चाला, मग गप्पा मारा.

पायात कोल्हापुरी नको. घरच्या कार्याला ती शोभते, पण तिचं कातडी तळवट ओल्या फरशीवर घसरतं आणि टाचेला मागून आधार नसतो. नाडीचे बूट संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाऊल थोडं सुजलेलं असतं. पुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे उजेडात पाहा. पन्हाळा, ज्योतिबाचा चढ आठवड्यातून एकदा उत्तम, पण गुडघ्यावर ताण येतो तो उतरताना. उतरायला काठी घ्या, पावलं छोटी टाका. जून ते सप्टेंबर तलावाकाठच्या दगडांवर शेवाळ धरतं. पावसाच्या दिवसांत घरातल्या किंवा इमारतीच्या जिन्यावर कठडा धरून दहा मिनिटं चढउतार करा, नाहीतर चार महिन्यांत कमावलेलं निघून जातं.

ताटात काय

साठीनंतर स्नायू टिकवायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. सकाळी चहा-खारी, दुपारी भात-आमटी, रात्री भाकरी-भाजी यात हा आकडा निम्म्यावरही जाणं मुश्कील. हिशेब असा: अंड्यात ६, म्हशीच्या पावशेर दुधात ९, मूठभर शेंगदाण्यात ७, ५० ग्रॅम सुकी मटकी भिजवून केलेल्या उसळीत ११ ते १२, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅम. तिन्ही वेळच्या खाण्यात विभागून घ्या, रात्रीच्या एका जेवणावर सगळं ढकलू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

तांबडा-पांढरा सोडा असं कोल्हापुरात सांगणं बरोबर नाही आणि गरजही नाही. आठवड्यातून एकदा मटण असेल तर फोडी पोटभर खा, रस्सा मात्र एकेक वाटी, कारण तेल आणि मीठ रश्शात असतं. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. खर्डा, लोणचं, पापड, चिवडा हे सगळं त्यातच मोजायचं. गूळ रसायनविरहित म्हणून मधुमेही लोक निश्चिंत खातात. रक्तातली साखर त्यानंही तशीच वाढते.

फळं, आणि फळांपासून केलेलं

रोज दोन फळं, मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, आणि ती चावून. ग्लासभर मोसंबीच्या रसाला तीन-चार फळं लागतात, चोथा टाकून दिला जातो, साखर तेवढीच पोटात जाते. उसाच्या पावशेर रसात तीस ग्रॅमहून जास्त साखर असते. मधुमेह असेल तर एका वेळी एकच फळ, जेवणावर नको, दोन जेवणांच्या मध्ये चार शेंगदाण्यांबरोबर.

पेरूला तोड नाही. १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व, जेव्हा दिवसाची गरज पुरुषाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅमच आहे. शिवाय चोथा भरपूर, त्यामुळे पोट साफ. बिया चावायला जमत नसतील तर गर तेवढा खा. एप्रिल-मेमध्ये करवंदं, पावसाच्या तोंडावर जांभळं, हिवाळ्यात आवळा. उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ते वाया जातं. चहा तासाभरानं.

वर्षभर पुरेल अशी पूरक गोष्ट घरी करायची तर आवळ्याची पावडर करा, आवळा स्वस्त असतो तेव्हा. १ किलो कडक, डाग नसलेले आवळे धुऊन पूर्ण कोरडे पुसा. स्टीलच्या किसणीवर किसा. लोखंडाची किसणी वापरली तर कीस काळा पडतो. स्वच्छ पंचावर पातळ पसरून सावलीत, पंख्याखाली चार-पाच दिवस वाळवा, रोज एकदा हलवा. बोटात धरल्यावर वाकला तर अजून ओला आहे, कट्कन मोडला तर झाला. दळून कोरड्या काचेच्या बरणीत भरा. किलोला जेमतेम सव्वाशे ग्रॅम पावडर निघते. अर्धा ते एक चमचा साध्या पाण्यातून, जेवणानंतर. उकळत्या पाण्यात घातली तर क जीवनसत्त्व नासतं. अर्धवट वाळवून भरली किंवा ओला चमचा घातला तर बुरशी येते; वरची काढून खालची वापरायची नाही, सगळी टाका. मोरावळ्यात साखर निम्म्याहून अधिक असते, त्याला औषध समजू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पावडर सुरू करण्याआधी विचारा.

बाजारातल्या डब्यांबद्दल. पाठीमागे १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ ही ओळ असते, ती पाहा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तिनांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरताड पूड) असेल तर फळ नावापुरतंच आहे. ‘साखर मुळासकट जाते’ असं सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका. जांभूळबीची पावडर मधुमेहाच्या गोळीची जागा घेत नाही. गोळी चालू ठेवून वर ती घेतली तर साखर खूप खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना माहीत हवं. क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेतल्यानं मुतखड्याचा धोका वाढतो.

मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रक्तदाब-हृदयासाठीच्या रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांपैकी काही चालू असेल तर नोनी या फळाचा रस आणि रोजचं शहाळं टाळा, त्यात पोटॅशियम जास्त असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, अजिबात खाऊ नये. पपनसामुळे कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा अंमल वाढतो.

आणि फळांच्या पावडरींतून मिळत नाहीत त्या दोन गोष्टी: ब१२ आणि ड ही जीवनसत्त्वं. फळांत त्या नसतातच. शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारे यांना ब१२ कमी पडण्याचा संभव जास्त. पायाला मुंग्या, विसराळूपणा, थकवा हे वयाच्या खात्यावर टाकण्याआधी दोन्हींची रक्ततपासणी करा. महागड्या फळ-कॅप्सूलच्या पैशांत ती सहसा बसते.

झोपेचं थोडक्यात: दुपारची डुलकी २० ते ३० मिनिटं, चारनंतर चहा नको, आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा.

दर सहा आठवड्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. दोन-तीन वेळा जास्त जमलं तर चांगली प्रगती आहे. ताप, लग्नकार्य, प्रवास यामुळे दोन आठवडे खंड पडला तर आहे तिथून नव्हे, निम्म्या संख्येनं आणि पिशवी न धरता सुरू करा. आठवड्याभरात पूर्वीच्या जागी याल.