ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ‘औषधाची’ बाटली ओतताय? आधी या चुका टाळा

माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं एक दुखणं होतं. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन सेकंद ती जागची हलायची नाही, आणि मग कुणी ढकलल्यासारखा झटका द्यायची. वळणावर कधी कधी इंजिनाचा आवाज चढायचा, वेग मात्र तेवढाच. मी गिअरबॉक्स ऑइलमध्ये मिसळायच्या अ‍ॅडिटिव्हची ३०० मिलिलिटरची बाटली आणली आणि ओतली. दुसऱ्या दिवसापासून गाडी लोण्यासारखी चालायला लागली. तीन महिने मी भेटेल त्याला त्या बाटलीचं नाव सांगत होतो.

मग तेच दुखणं परत आलं. या वेळी गाडी वर उचलून खालून पाहिली, तर ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून ऑइल पाझरत होतं. गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी होतं, एवढाच दोष. बाटलीतल्या रसायनाने काही केलं नव्हतं, त्या ३०० मिलिलिटरने पातळी तेवढी वर आली होती. तेवढंच साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) ओतलं असतं तरी हाच गुण आला असता.

पातळी न बघताच बाटली ओतणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून हिच्यावर जरा थांबतो. ऑइल कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. दाब पडतो, क्लच प्लेट घसरतात. उलट, पातळी बरोबर असताना वरून बाटली ओतली की ती गरजेपेक्षा वर जाते, फिरते भाग ऑइल घुसळतात आणि त्याला फेस येतो. फेस दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही; त्यामुळे लक्षणं जवळजवळ तीच दिसतात. अशा वेळी माणूस दुसरी बाटली आणतो.

पातळी बघायचीही रीत आहे. डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) असेल तर बहुतेक गाड्यांत ऑइल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, गिअर पार्कमध्ये ठेवून बघतात. काही मोजक्या गाड्यांची पद्धत वेगळी आहे, म्हणून मॅन्युअल उघडाच. डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समध्ये ऑइल ठरावीक तापमानाला असताना बोल्ट खोलून, जास्तीचं ऑइल वाहून जाऊ देऊन पातळी ठरवतात. ते काम घाईने, थंड गाडीवर करू नका. आणि काही ओतायचंच असेल तर तेवढंच ऑइल आधी काढा.

एटीएफला नुसतं वंगण समजणं

इंजिन ऑइलचं मुख्य काम घर्षण कमी करणं. ऑटोमॅटिकच्या ऑइलचं तसं नाही. ते दाब वाहून नेतं, उष्णता काढतं, गिअरच्या दातांना वंगण देतं आणि त्याच वेळी क्लच प्लेटना एकमेकींना धरू देतं. घर्षण फार झालं तर झटका, फार कमी झालं तर घसरण. हा तोल ऑइलमधली ‘फ्रिक्शन मॉडिफायर’ नावाची रसायनं सांभाळतात.

हा तोल किती नाजूक असतो ते इतिहासात दिसतं. फोर्डच्या टाइप एफ ऑइलमध्ये हे मॉडिफायर नव्हते, जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉनमध्ये होते. म्हणून एकासाठी बनवलेल्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्याचं ऑइल टाकलं की गिअर पडण्याची तऱ्हाच बदलायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना सगळी कृती नव्याने बसवावी लागली. जो तोल बसवायला एवढी मेहनत लागते, त्यात आपण अंदाजाने एक बाटली ओततो. ती योग्य दिशेनेच ढकलेल याची खात्री बाटलीवरची जाहिरात देऊ शकत नाही.

थरथर आली की लगेच बाटली, किंवा बाटली कधीच नाही

मी अ‍ॅडिटिव्हच्या सरसकट विरोधात नाही. एका दुखण्यावर चांगली बाटली खरंच उतारा देते: टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचची थरथर. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देतो आणि लॉकअप क्लच त्या दोघांना थेट जोडतो. साधारण ५० ते ८० किलोमीटर वेगाला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलका असताना, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं. ऑइल जुनं झालं की मॉडिफायर खर्ची पडतात आणि क्लच चिकटत-सुटत धरायला लागतो. अशा वेळी मॉडिफायरची छोटी मात्रा थरथर घालवू शकते, कधी कधी बऱ्याच काळासाठी.

पण ती थरथर तीच आहे ना, हे आधी ठरवा. सरळ मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, थरथर चालू असेल तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला अगदी हलका स्पर्श करा. ब्रेकच्या इशाऱ्यावर बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली आणि पाय काढल्यावर परत आली, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरवर. तशीच राहिली तर स्पार्क प्लग, कॉइल, इंजिन माउंट बघा. मिसफायरची (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची) थरथर हुबेहूब अशीच वाटते, आणि त्यावर गिअरबॉक्समध्ये ओतलेल्या कशानेही फरक पडत नाही.

शिवाय जे काम बाटली करते, तेच नवं योग्य ऑइल जास्त नीट करतं. जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या काही गिअरबॉक्समध्ये हीच थरथर यायची. मूळ ऑइल ओलावा शोषून घेत होतं, हे त्यामागचं कारण. कंपनीने वर्कशॉपना सांगितलेला उपाय बाटलीचा नव्हता. जुनं ऑइल पूर्ण बदलून वेगळ्या रचनेचं नवं ऑइल भरायला सांगितलं होतं.

सीव्हीटीत किंवा ड्युअल क्लचमध्ये तीच बाटली

हे करूच नका. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, आणि सीव्हीटी म्हणजे ठरावीक गिअरांशिवाय चालणारा ऑटोमॅटिक. बहुतेक सीव्हीटीत पोलादी पट्टा पोलादी पुलीला धरून ताकद पुढे देतो. तिथे ऑइलने पकड टिकवायची असते. घर्षण घटवणारं काही टाकलं की पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे पडतात. ते ओरखडे परत भरून येत नाहीत.

गळतीवरचा उपाय म्हणून सील फुगवणं

‘स्टॉप लीक’ बाटल्या वयाने कडक झालेल्या रबराला मऊ करून थोडं फुगवतात. सील नुसतं आक्रसलेलं असेल तर पाझर मंदावतो, कडक झालेल्या आतल्या पिस्टन सीलमुळे गिअर उशिरा पडत असेल तर कधी तोही सुधारतो. सील फाटलेलं असेल, शाफ्टला चर पडलेली असेल, तर काही उपयोग नाही. वर चांगली सीलही गरजेपेक्षा मऊ पडतात, हे विसरू नका.

याच कामासाठी काही जण ब्रेक ऑइल ओतायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं. ते गिअरबॉक्समधली सील आणि क्लच प्लेटचं अस्तर दोन्ही खराब करतं. रॉकेल टाकून ‘आतून धुणं’ हा प्रकारही त्याच रांगेतला. गळतीवर ओतण्यासारखी एकच गोष्ट मला मान्य आहे: अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग, ज्याने पाझर नेमका कुठून आहे ते दिसतं. क्रायस्लरच्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये कोणतंही अ‍ॅडिटिव्ह टाकू नका असं बजावून अपवाद फक्त याच रंगाचा केलेला आहे.

ऑइल काय सांगतंय ते न वाचणं

डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिशूवर टाका आणि पाच मिनिटं थांबा. चांगलं ऑइल (बहुतेक गाड्यांत लालसर) एकसारखं पसरतं. जुनं तपकिरी होतं, तरी सहज पसरतं; ते बदलायला हवं. थेंब मधोमध काळा थिजला आणि नाकाशी नेल्यावर जळका वास आला, तर क्लच प्लेटचं अस्तर झिजून ऑइलमध्ये उतरलं आहे. ते अस्तर कोणतीही बाटली परत चिकटवत नाही. दाट बाटलीने घसरण चार दिवस लपते, तेवढ्यात उरलेली प्लेटही जाते.

पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवायची वेळ आली तर आतलं चुंबक बघा. त्यावर राखाडी, मऊ लेप असणं स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे चमकदार कण दिसले तर गिअरबॉक्स उघडायची वेळ झाली.

आणि ऑइल गुलाबी, दुधासारखं दिसलं तर इंजिन सुरूच करू नका. रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलं आहे. पाण्याने क्लच प्लेटवरचं कागदी अस्तर फुगून सुटतं. गाडी उचलून न्या, चालवत नेऊ नका.

ओतलेलं मेकॅनिकपासून लपवणं

मी हेही केलं होतं. पहिल्या भेटीत बाटलीचं नावच काढलं नाही आणि मेकॅनिकने अर्धा दिवस दुसरीकडेच शोधलं. बाटलीचं नाव, किती ओतलं आणि किती किलोमीटर झाले, हे लिहून ठेवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा. ती बाहेर काढायची असेल तर हेही ध्यानात घ्या, की ड्रेन बोल्ट खोलून एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइलच निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. माझ्या गाडीत सील बदलल्यावर मधे काही दिवस गाडी चालवत तीन वेळा ऑइल काढून नवं भरलं, तेव्हा कुठे जुनं बहुतेक निघालं.