विजयदुर्गाच्या पाण्यातल्या भिंतीवर कॉमिक कसं करावं

आंग्र्यांच्या आरमाराची चित्रं शोधायला बसा. बहुतेक चित्रं इंग्रजांनी किंवा डचांनी काढलेली सापडतील, आणि त्यांत किल्ला नेहमी लांब, क्षितिजाजवळ धुरात दिसेल. पुढे मोठी जहाजं, त्यांचे झेंडे, त्यांच्या तोफा. चित्रकार समुद्रात उभा आहे आणि आपण सगळे तिकडे, तटाच्या मागे. त्यांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे म्हणजे ‘पायरेट’. आपल्याकडे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आंग्र्यांच्या गोष्टी भरपूर आहेत, पण तटावरून समुद्राकडे बघणारी चित्रं फार थोडी. मी देवगड तालुक्यातली, चित्रकला शिकवते आणि सुट्टीत कॉमिक काढते. ही उणीव आपणच भरून काढायची आहे असं मला मनापासून वाटतं. म्हणून इथे विजयदुर्गाच्या दंतकथेवर, कोणत्याही प्रकाशकाशिवाय, स्वतःच्या बळावर कॉमिक कसं करायचं ते लिहिते. तुमच्या गावची दंतकथा वेगळी असेल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी दंतकथा नीट ऐकून घ्या. आमच्याकडे सांगतात ते असं: किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली एक भिंत आहे. आपली गलबतं तिच्यावरून सहज जायची, शत्रूची जहाजं मात्र तिच्यावर आपटून फुटायची. भिंत कोणी बांधली, यावर प्रत्येक घराचं मत वेगळं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथे पाण्याखाली भिंतीसारखी रचना असल्याचं नोंदवलं आहे, त्यामुळे ही गोष्ट हवेतली नाही. पण कॉमिकसाठी तुम्हाला पुरावा नको, सांगणारा हवा. बंदरावर जाळी विणत बसलेल्या माणसांशी बोला, गिर्ये गावात जा, घरातल्या आजीला विचारा. मोबाइलवर रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या. आणि ‘भिंत खरी आहे का?’ असं विचारू नका, माणूस लगेच सावध होतो. ‘तुम्हाला हे कोणी सांगितलं?’ असं विचारा. मग आजोबा येतात, त्यांचा मचवा येतो, कुठल्या खडपाला काय म्हणतात ते येतं. तुमच्या कॉमिकमधली माणसं याच बोलण्यातून मिळतील.

मग इतिहास वाचा, कारण दंतकथेला कुठेतरी नांगर टाकावा लागतो. इंग्रजांनी 1717 आणि 1720 मध्ये विजयदुर्गावर हल्ले केले आणि दोन्ही फसले. त्यांच्या लिखाणात किल्ल्याचं नाव ‘घेरिया’, म्हणजे आपलं गिर्ये. 1720 साली तर त्यांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखानाच बांधून आणला होता. 1724 मध्ये डच येऊन परत गेले. कान्होजी 1729 साली वारले. पुढे फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह आले. तेव्हा नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, बंदरात नांगरलेलं आरमार जळालं, किल्ला पडला आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या कैदेत गेले.

हे 1756 टाळू नका. भिंतीची गोष्ट सांगणाऱ्याला कोणीतरी विचारणारच, की भिंत होती तर किल्ला पडला कसा? लहान मुलं तर पहिल्यांदा हेच विचारतात. माझं मत असं, की कॉमिकची मुख्य घटना 1720 च्या आसपास ठेवावी, पण गोष्ट सांगणारं पात्र 1756 नंतरचं असावं. जळकं आरमार पाहिलेली म्हातारी नातवंडांना भिंतीची गोष्ट सांगते आहे. मग लोक ही गोष्ट का जपून ठेवतात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

‘पायरेट’ या आरोपालाही चित्रातून उत्तर द्या, भाषणातून नको. आंग्रे आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांना दस्तक, म्हणजे परवाना देत. दस्तक नसेल तर गलबत पकडलं जाई. पोर्तुगीजही त्याआधीपासून ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना देत होते. तेव्हा एका पानावर वर पोर्तुगीज अधिकारी कागदावर शिक्का मारतो आहे, खाली आंग्र्यांचा कारकून कागदावर शिक्का मारतो आहे, दोन्ही हात एकाच कोनात. संवादाचा एकही फुगा नको. वाचक काय ते समजतो.

आता कथेचा कणा. भिंत कशी काम करते हे तुम्हालाच कळलं नसेल तर वाचकाला कळणार नाही. सगळी गंमत पाण्याखाली जहाज किती खोल बुडतं, यात आहे. आंग्र्यांचं गलबत हलकं, उथळ तळाचं, शिडांबरोबर वल्ह्यांनीही चालणारं. गुराब त्याहून मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढची नाळ लांब आणि खाली झुकलेली, काही तोफा पुढच्या बाजूलाही रोखलेल्या. तरीही ती खाडीत शिरू शके. इंग्रजी जहाजाचा तळ खोल. पाणी उतरलं की हाच फरक जीवघेणा होतो. कॉमिकमध्ये एक उभा छेद काढा: वर गलबत, खाली जहाज, मध्ये भिंत, आणि डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली पाण्याची रेषा. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची चौकट हीच.

भरती-ओहोटी मात्र अंदाजाने काढू नका. किनाऱ्यावरचा वाचक चूक लगेच पकडतो. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, जागेप्रमाणे थोडी पुढेमागे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणून बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे पूर्ण ओहोटी, आणि तीही उधाणाची, म्हणून पाणी खूप खाली. यातून एक गोष्ट सरळ निघते: मध्यरात्रीचा पूर्ण चंद्र डोक्यावर आणि खाली उघडे पडलेले खडक, हे चित्र आपल्या किनाऱ्यावर होऊच शकत नाही. त्या वेळी तिथे भरती असते.

मी माझ्या प्रसंगासाठी त्रिपुरी पौर्णिमेची संध्याकाळ निवडली. दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात, म्हणजे इंग्रजी जहाज शिडं भरून किल्ल्याकडे येऊ शकतं. पाणी सर्वांत खाली आहे. किल्ल्यावरून पाहिलं तर सूर्य जहाजाच्या मागे, म्हणून जहाज काळी आकृती. जहाजावरून पाहिलं तर किल्ल्याच्या मागे चंद्र उगवतो आहे. पावसाळ्यात बांधून ठेवलेलं आरमार नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात उतरतं, तेव्हा कार्तिकात गलबतं बाहेर असणं साहजिकच. पंचांग उघडून बसलं की कथाच तुम्हाला वाट दाखवते, हा माझा अनुभव आहे.

किल्ल्यावर वही घेऊन जा. फोटो काढा, पण चित्रं तिथेच बसून काढा. विजयदुर्गाची तटबंदी तिहेरी आहे. जांभ्याचा पोत ठिपक्याठिपक्यांचा, भोकाभोकांचा. तो शाईत कसा आणायचा हे दगडासमोर बसूनच उमगतं. तटावर उभं राहून डोळ्यांची उंची ठरवा आणि ती पुस्तकभर सांभाळा. माझा नियम असा: आपली माणसं बोलत असतील तेव्हा क्षितिज तटावरून दिसतं तसं, उंचावर. जहाजावरच्या चौकटी मी मुद्दाम कमी ठेवते.

पात्रांच्या कपड्यांबद्दल एक कळकळीची विनंती. आरमार चालवणारी माणसं कोळी, भंडारी, गाबीत होती. तांडेल (गलबताचा म्होरक्या), खलाशी, गोलंदाज (तोफ डागणारा) यांना दरबारी पोशाख घालू नका. उघडं अंग, कमरेला आखूड वस्त्र, डोक्याला रुमाल, खारट उन्हाने रापलेली कातडी, वल्ह्याने रुंदावलेले खांदे. आजच्या बंदरावरच्या माणसांच्या हालचाली बघा. दोर ओढताना पाय कुठे रोवतात, उकिडवं कसं बसतात. आमच्याकडच्या मुलांना पुस्तकात आपल्या आजोबांसारखा माणूस दिसला पाहिजे.

भाषेचं असं करा: निवेदन प्रमाण मराठीत, तटावरचं बोलणं मालवणीत. “पाणी उतारता हा, थांब.” “गलबत हयसून जातला, तेंचा जहाज जावचा नाय.” एवढी मालवणी पुण्यातल्या वाचकालाही चित्रासह कळते. तळटीपा देऊ नका. इंग्रजांची वाक्यं प्रमाण मराठीतच लिहा, फक्त फाँट वेगळा ठेवा. मालवणी लिहून झाली की गावातल्या दोन पिढ्यांच्या माणसांकडून मोठ्याने वाचून घ्या. जीभ अडखळली तिथे शब्द बदला.

पानांची संख्या सुरुवातीलाच ठरवा. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं चाराच्या पटीत लागतात. आत 24 पानं आणि वेगळं कव्हर, हा पहिल्या कॉमिकसाठी चांगला आकार. एका साध्या कागदावर चोवीस छोट्या चौकटी आखून सगळं पुस्तक बोटभर आकारात काढून टाका. धक्का देणारं चित्र नेहमी डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानावर ठेवा, कारण ते पान उलटल्यावरच दिसतं. माझ्याकडे जहाज भिंतीवर आदळतं ते पान 16. पान 15 च्या शेवटच्या चौकटीत फक्त शांत पाणी आणि तांडेलाचा वर केलेला हात. एका पानावर चार ते सहा चौकटी पुरतात. लढाईच्या पानावर त्याहून कमी.

रंगाचा मोह पहिल्या पुस्तकात आवरा. आतली पानं काळ्या शाईत, कव्हर रंगीत. खर्च बराच उतरतो, आणि जांभा, समुद्र आणि धूर काळ्या-पांढऱ्यात फार सुंदर उतरतात. कागदावर ब्रशने काढून स्कॅन करा किंवा थेट ‘क्रिता’ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, ते मोफत आहे. रेषाचित्र 600 डीपीआयला, रंगीत कव्हर 300 ला. कापायच्या बाजूंना 3 मिमी जास्तीचं चित्र ठेवा आणि मजकूर कडेपासून आत घ्या.

अक्षरांकडे मात्र भरपूर वेळ द्या. मराठी कॉमिक बहुतेक वेळा इथेच मार खातं. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त लागतं. फुगा आधी काढून नंतर मजकूर कोंबू नका. मजकूर आधी बसवा, मग त्याभोवती फुगा काढा. फाँट युनिकोडच घ्या. ‘कलम’ हा हस्ताक्षरासारखा, ‘बलू’ जाडजूड, ‘मुक्त’ निवेदनाला चांगला, आणि तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत. मजकूर ‘इंकस्केप’ किंवा ‘स्क्रायबस’मध्ये बसवा. अडोबीचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू करा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. ‘धडाम’, ‘सळसळ’ असे आवाज फाँटमध्ये न लिहिता हाताने काढा. आणि फाइल देताना सर्व अक्षरं आकारात रूपांतरित करून द्या, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर काहीही बदलणार नाही.

छपाई थोड्या प्रतींची असेल तर डिजिटल, हजाराच्या आसपास गेलात तर ऑफसेट परवडतं. आतल्या पानांना 90 ते 100 जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) असलेला, न चकाकणारा मॅपलिथो कागद घ्या. चकचकीत आर्ट पेपरवर काळी शाई डोळ्यांत जाते. काळा मजकूर चार शाईंचा मिळून नको, फक्त काळ्या शाईचा असू द्या. छापण्यापूर्वी एक खरी प्रत बांधून हातात घ्या आणि उन्हात वाचून बघा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हवा असेल तर राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडे अर्ज करा. वैयक्तिक लेखकालाही तो मिळतो आणि शुल्क लागत नाही.

हक्कांचं थोडक्यात. दंतकथा कोणाच्या मालकीची नसते, पण ती एखाद्या लेखकाने ज्या शब्दांत लिहिली ते शब्द त्याचे असतात. तेव्हा गोष्ट माणसांकडून ऐका, पुस्तकातून उतरवू नका. आंग्रे आणि (1756 नंतर विजयदुर्गावर पेशव्यांचं आरमार सांभाळणाऱ्या) धुळप घराण्यांचे वंशज आज आहेत. ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी कल्पित अपशब्द किंवा कृत्य घालू नका. माझ्या कॉमिकमध्ये सरखेल फक्त दुरून दिसतात, बोलणारी माणसं सगळी कल्पित आहेत. ही अडचण नाही, गोष्ट त्यामुळे तांडेलाची होते.

पुस्तक दिवाळीच्या आधी हातात येईल असं वेळापत्रक आखा. तेव्हा घरोघर मुलं मातीचे किल्ले करत असतात आणि सुट्टीत पर्यटकही येतात. पहिल्या प्रती ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांना द्या, त्यांची नावं त्यांना विचारून आत छापा. मग किल्ल्याच्या वाटेवरची टपरी, शाळा, वाचनालयं, जत्रा. टपरीवाल्याचा वाटा आधीच ठरवा आणि किंमत सुट्ट्या पैशांची अडचण न येणारी ठेवा. प्रत्येक टपरीवर एक प्रत उघडी, चाळण्यासाठी राहू द्या. पोरं ती उभ्यानेच वाचून संपवतात, त्यांना हाकलू नका असं टपरीवाल्याला सांगून ठेवा, कारण घरी जाऊन वडलांना घेऊन येणारी हीच पोरं असतात.