कम्युनिटी कॉलेजात जर्नलिझम करायचंय? आधी पेपरच्या न्यूजरूममध्ये जा (कॅलिफोर्नियावाल्यांसाठी)

बे एरियातल्या आपल्या लोकांत हे बऱ्याचदा निघतं, मुलीला लिहायची आवड आहे पण जर्नलिझमसाठी चार वर्षं युनिव्हर्सिटीची फी भरायची का? माझं मत, पहिली दोन वर्षं तरी अजिबात नका भरू. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) आहेत आणि राज्याचे रहिवासी असाल तर युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा क्लास १३८ डॉलरला, वर हेल्थ फी, पार्किंग असं किरकोळ असतंच. रहिवासी धरायला साधारण एक वर्ष आणि एक दिवस राज्यात झालेला लागतो, नाहीतर फी कित्येक पट. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल तरी शिकता येतं, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही, तेव्हा भारतात पेपरात काम करून इथे घरी बसलेल्यांनी तर हे बघाच. फक्त कॅम्पस पेपरच्या एडिटरला कुठेकुठे मानधन असतं, ते घ्यायच्या आधी वर्क परमिटचं बघा.

डिग्री ट्रान्सफरवाली घ्या (पुढे युनिव्हर्सिटीत जाता येईल अशी), ६० युनिटची. ती नीट पूर्ण केली की कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) सीट पक्की, पण हव्या त्याच कॅम्पसला मिळेल असं नाही, सॅन होजे स्टेट किंवा फुलरटन डोक्यात असेल तर कुठला क्लास तिकडे धरतात ते असिस्ट डॉट ओआरजीवर आधीच बघून ठेवा. आणि बर्कलीचं नाव घेऊन बसू नका, तिथलं जर्नलिझम स्कूल मुळात पदवीनंतरचं आहे.

पण खरं शिक्षण होतं कॉलेजच्या पेपरात. सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजचा द गार्ड्समन, डी अँझाचा ला व्होझ, पिअर्सचा राउंडअप, असे पेपर विद्यार्थीच चालवतात. लोक आधी मास कम्युनिकेशनचा थिअरी क्लास घेतात आणि पेपरचा क्लास शेवटच्या सेमिस्टरला ढकलतात, हे उलटं आहे, न्यूज रायटिंग झालं की लगेच तिकडे घुसा, काही ठिकाणी दोन्ही एकदम घेऊ देतात, पेपर बघणाऱ्या प्रोफेसरना विचारा.

बातमी कुठून आणायची हा पुढचा प्रश्न. कॉलेजच्या बोर्ड ऑफ ट्रस्टीजच्या मीटिंगला जाऊन बसा. ब्राउन ॲक्टमुळे (उघड बैठकांचा राज्याचा कायदा) नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो आणि आत बसायला तुमचं नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. मीटिंग कंटाळवाणी असते, मान्य, पण कुठला विभाग बंद होणार, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं हे सगळं तिथेच कळतं आणि बाकी कुणी पत्रकार सहसा फिरकत नाही. दुसरं म्हणजे कॅम्पस पोलिसांचा क्राइम लॉग. क्लेरी ॲक्टखाली (कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती द्यायला लावणारा केंद्राचा कायदा) मागच्या ६० दिवसांचा लॉग ऑफिसच्या वेळेत कुणालाही बघता येतो, दर आठवड्याला एक चक्कर मारा. कागदपत्रं हवी असतील तर पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली ईमेल टाका, १० दिवसांत देणार की नाही एवढं तरी कळवावं लागतं (आपल्या आरटीआयचाच भाऊ, फक्त अर्जाला दहा रुपये लागत नाहीत).

आपल्याकडचे पेपर वाचून वाढलेल्यांना एक सवय मोडावी लागते. ‘सूत्रांकडून समजते’ इथे चालत नाही, कोण बोललं त्याचं नाव, हुद्दा, स्पेलिंगसकट, आणि निनावी ठेवायचं असेल तर एडिटरला कारण पटवावं लागतं. शिवाय इंट्रोमध्येच सगळं सांगून टाकायचं, पार्श्वभूमी खाली. पहिल्या बातम्या लाल होऊन परत येतील, येऊ द्या.

कॉलेज प्रशासनाने बातमी काढा म्हणून दबाव आणला तर घाबरू नका, कॅलिफोर्नियात विद्यार्थी पेपरांना कायद्याचं चांगलं संरक्षण आहे आणि स्टुडंट प्रेस लॉ सेंटरचे वकील फुकट सल्ला देतात. छापून आलेल्या प्रत्येक बातमीची पीडीएफ त्याच दिवशी स्वतःकडे सेव्ह करा, साइट बदलतात नि जुन्या लिंक मरतात, आणि इंटर्नशिपला ग्रेडपेक्षा आधी कात्रणं मागतात.