जपानीत पहिली ओळख: आदल्या दिवशीची तयारी

सुरुवात नावापासून करा. वाक्यं पाठ होतात, जीभ अडखळते ती स्वतःच्याच नावावर. परदेशी नावं काताकानात लिहितात आणि त्या लिपीत 'न्' सोडला तर सुटं व्यंजन नाही. म्हणून कुलकर्णींचे 'कुरुकारुनि' होतात, केळकरांचे 'केरुकारु'. र, ल, ळ तिघांना मिळून एकच र. सीमाची बहुधा 'शीमा' होते. तिथली ई दीर्घच ठेवा, ऱ्हस्व झाली की 'शिमा' म्हणजे बेट. एकदा ठरलेलं रूप कागदावर लिहा, दहा वेळा मोठ्याने म्हणा आणि सगळीकडे तेच वापरा.

मग चार वाक्यं, जास्त नकोत. 'हाजिमेमाश्ते' (पहिल्यांदाच भेटतोय). 'कुरुकारुनि तो मोऽशिमास्' (मला कुलकर्णी म्हणतात). 'इंदो नो पुने कारा किमाश्ता' (भारतातल्या पुण्याहून आलो). 'योरोश्कु ओनेगाइ शिमास्' (ओळख असू द्या). 'नो' म्हणजे आपलं चा-ची-चे, 'कारा' म्हणजे हून, आणि क्रियापद शेवटी. मराठी माणसाला वाक्य उलटं करावं लागत नाही, ही मोठीच सोय. 'मोऽशिमास्' हे स्वतःकडे कमीपणा घेणारं रूप आहे. वर्गमित्रांत नुसतं 'कुरुकारुनि देस्', म्हणजे 'मी कुलकर्णी', चालतं. 'हाजिमेमाश्ते' पहिल्या भेटीतच, दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला नाही.

आता गाळायचं काय ते बघा, कारण अर्धा सभ्यपणा तिथेच आहे. स्वतःच्या नावाला 'सान' कधीच लावू नका. ते म्हणजे स्वतःलाच 'राव' म्हणणं. दर वाक्याला 'वाताशि वा', म्हणजे 'मी', नको, बोलणारे तुम्हीच आहात हे दिसतंच. 'आनाता' म्हणजे तुम्ही, पण समोरच्याला तसं म्हटलेलं खटकतं. नाव विचारायचं तर 'शित्सुरेइ देस् गा, ओनामाए वा?' आणि कळल्यावर आडनाव अधिक 'सान'.

उच्चारात दोनच गोष्टी तपासा. 'तो' दंत्य आहे, इंग्रजीच्या सवयीने 'टो' होतो. 'त्सु'साठी 'चूक'मधला च घ्या, तो आपल्याकडे तयारच आहे.

वाकणं आरशासमोर करून बघा. आधी 'शिमास्' पूर्ण म्हणा, मग कमरेतून साधारण 30 अंश वाका. पाठ सरळ, नजर खाली, क्षणभर थांबून वर या. वाकता वाकता बोललं की शेवटचे शब्द जमिनीला ऐकू जातात. हात जोडून वाकणं टाळा, दोन्हींचं काहीतरी भलतंच होतं.

ऑफिसची भेट असेल तर कार्डं खिशात सुटी नकोत, डबीत ठेवा. देताना अक्षरं समोरच्याकडे, घेताना दोन्ही हात. मिळालेलं कार्ड बैठक संपेपर्यंत टेबलावर राहू द्या, त्यावर काही खरडू नका.

समोरून 'योरोश्कु' आधी आलं तर उत्तर 'कोचिरा कोसो', म्हणजे 'माझ्याकडूनही तसंच'. आणि चार वाक्यं इतकी छान जमली की समोरचा भरभर बोलू लागला, तर त्यासाठी पाचवं तयार असू द्या: 'सुमिमासेन्, मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास्.' माफ करा, पुन्हा एकदा सांगाल का?