डीआरपीला कोकणात येताय? आल्याबरोबर एक वही करा

एमबीबीएसच्या 2019 च्या करिक्युलममध्ये डॉक्टरने क्लिनिशियनच्या जोडीला टीमचा लीडर आणि मेंबर पण व्हायचं असं लिहिलंय, पण ते व्हायचं कसं हे मला वॉर्डात कोणी शिकवलं नाही. मी शिकले ते मेडिसिन पीजी करताना, डीआरपीच्या म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रामच्या, पीजीने जिल्ह्यात जाऊन काम करायच्या तीन महिन्यांत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात.

भातकापणीचे दिवस, फुरसं हा विषारी साप चावलेले पेशंट यायचे. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं म्हणून 20 मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट करतात, म्हणजे काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग आडवी करून बघायची, रक्त पातळच असेल तर अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू. एवढी साधी टेस्ट आणि एका रात्री ट्यूबच मिळेना, लॅबला कुलूप, चावी भलतीकडेच, काकांचा पाय सुजत चाललेला आणि त्यांची बायको सारखी विचारतेय की इंजेक्शन कधी देणार. काका वाचले. पण मी सकाळी तक्रार करायलाच निघाले होते, तेव्हा इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आधी किती वेळ जातो ते लिहून तर काढू."

वहीत चारच रकाने आखले: पेशंट आला कधी, ट्यूब भरली कधी, बघितली कधी, अँटीव्हेनमची पहिली व्हायल (बाटली) लागली कधी. त्यातून कळलं की ट्यूब शोधण्यात वेळ जातोच, पण ट्यूब भरून आपण दुसऱ्या पेशंटकडे गेलो की 20 ची 40 मिनिटं पण होतात. मग कॅज्युल्टीत नव्या काचेच्या ट्यूबचा डबा आणि टायमर ठेवला. नव्याच का, तर साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि नको त्याला अँटीव्हेनम जातं. हे सांगितल्यावर वॉर्डातले मामा म्हणाले, आम्ही तर पावडर लावूनच धुतो, आम्हाला कोणी बोललंच नाही कधी! त्यांना आधीच विचारायला हवं होतं हे मला तेव्हा फार लागलं.

याला पीडीएसए (प्लॅन-डू-स्टडी-ॲक्ट) म्हणतात, एका वेळी एकच छोटा बदल, थोडे दिवस करून बघायचा, मग परत वही उघडायची. आमचा पहिला आठवडा फसला कारण डबा भरायचं काम कोणाचंच नव्हतं, मग नाईटच्या ब्रदरनी आपणहून ठरवलं की ड्युटी बदलताना ट्यूब मोजायच्या. नुसती वरून ऑर्डर काढून हे झालं नसतं.

छोट्या जागी काय होणार असं वाटत असेल तर डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाचा, महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) विंचू चावलेले पेशंट बघता बघता ठेवलेल्या नोंदींतून त्यांचं संशोधन उभं राहिलं आणि विंचूदंशावरच्या प्राझोसिन या औषधाचा त्यांचा पेपर 1986 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला.

आणि जाताना वही पुढच्या पीजीकडे देऊ नका, तो पण तीन महिन्यांनी जाणार, इन्चार्ज सिस्टरकडे द्या. मी निघाले तेव्हा आमच्या सिस्टर विंचवासाठी दुसरी वही आखत होत्या.