आयवॉशवरचा दिवा निवडताना या चुका टाळा

कॉस्टिकचा (कॉस्टिक सोड्याच्या जळजळीत द्रावणाचा) शिंतोडा डोळ्यात गेला की पापण्या आपोआप घट्ट मिटतात. हात डोळ्यांकडे जातात आणि ज्या शेडमध्ये माणूस दहा वर्षं वावरलाय, तिथेच त्याला दिशा समजेनाशी होते. आयवॉशवर, म्हणजे रसायन गेलेले डोळे धुवायच्या कारंज्यावर, दिवा लावायचा विचार असेल तर आधी हे चित्र मनात आणा, मग कॅटलॉग उघडा. कारण तो दिवा जखमी माणसाला बहुतेक वेळा दिसतच नाही. तो दिसतो त्याचा दंड धरून ओढत नेणाऱ्या जोडीदाराला. आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या फोरमनला, ज्याला तिकडे कुणीतरी पाण्यावर वाकलंय हे कळायला हवं.

वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करताना मी जेवढे आयवॉश पाहिले, त्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. दिवा कुणासाठी लावतोय, हे कुणी विचारलेलंच नसतं.

एकाच दिव्यावर सगळं भागवणं

सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे एक लाल फिरता दिवा आणायचा, पाइपातल्या फ्लो स्विचला (पाणी वाहू लागलं की चालू होणाऱ्या स्विचला) जोडायचा आणि काम झालं म्हणायचं. पाणी सुरू झालं की तो फिरतो, हूटर वाजतो, ऑडिटमध्ये छान दिसतं. पण पाणी सुरू होण्याआधी? जोडीदार आयवॉश शोधत असतो तेव्हा तिथे एकही दिवा पेटलेला नसतो.

कामं वेगवेगळी आहेत, म्हणून दिवेही वेगळे हवेत. जागा दाखवणारा हिरवा दिवा चोवीस तास पेटता राहील. पाणी सुरू झाल्याचं सांगणारा लुकलुकणारा दिवा आणि हूटर फक्त वापराच्या वेळी चालतील. याशिवाय बेसिनवर पडणारा साधा पांढरा उजेड हवा, आणि तो बहुतेक लोक विसरतात. डोळा धुताना पापण्या बोटांनी उघड्या धराव्या लागतात, त्याही सलग १५ मिनिटं. अंधारात जोडीदाराला ते जमत नाही. अमेरिकेच्या झेड ३५८.१ या मानकात आयवॉशची जागा नीट उजळलेली असावी आणि ठळक फलकाने दाखवलेली असावी, असं सांगितलंय. आपल्याकडे या उपकरणांसाठी आयएस १०५९२ हे मानक आहे. खरेदीच्या कागदावर त्याचा उल्लेख असायला हवा.

रंगाचा घोळ

सुरक्षित जागेसाठी जगभर हिरवी पार्श्वभूमी आणि पांढरं चिन्ह वापरतात. आयएसओ ७०१० मध्ये आयवॉशच्या चिन्हाचा क्रमांक ई०११ आहे. आपल्या कारखान्यांत मात्र एक अडचण आहे. आपले वायरमन आणि ऑपरेटर वर्षानुवर्षं जी मोटर पॅनेलं पाहतात, त्यांवर लाल म्हणजे मोटर चालू आणि हिरवा म्हणजे मोटर बंद. त्यामुळे पॅनेलवरचाच छोटा हिरवा इंडिकेटर खांबावर लावला, तर पाहणाऱ्याला तो कुठल्या तरी बंद मोटरचा वाटतो. म्हणून नुसता इंडिकेटर लावू नका. आतून उजळणारा फलकच घ्या, ज्यावर डोळा आणि पाण्याचं चिन्ह असेल. बिहार-यूपीहून आलेल्या कंत्राटी कामगाराला मराठी अक्षरं वाचता येतीलच असं नाही, चिन्ह मात्र त्याला कळतं.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा रंग ठरवण्याआधी शेडमध्ये एक फेरी मारा. फोर्कलिफ्टवर पिवळा फ्लॅशर, क्रेनवर लाल, फायर अलार्मही लाल. गोदामात पिवळा दिवा लावला तर तो फोर्कलिफ्टच्या गर्दीत हरवणार. आसपास आधीपासून जे रंग आहेत, ते सोडून बाकीच्यांतला निवडा. हूटरचा आवाजही फायरच्या आवाजापेक्षा वेगळा असू द्या, नाहीतर लोक आयवॉशकडे धावायच्या ऐवजी गेटकडे धावतील.

लुकलुकण्याचा वेग सेकंदाला एक-दोन वेळा पुरतो. डोळ्याच्या उंचीवर झगझगीत स्ट्रोब लावू नका. तो मदत करणाऱ्यालाच दिपवतो.

वीज कुठून घेतली?

या चुकीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ती मी प्रत्यक्ष पाहिली आहे.

एका कारखान्यात हिरव्या दिव्याची वायर जवळच्या डोसिंग पंपाच्या पॅनेलमधून घेतली होती. केबल वाचली, काम अर्ध्या तासात उरकलं. नंतर एका रात्रपाळीत पंपाच्या फ्लँजचं गॅस्केट गेलं आणि कॉस्टिकचा फवारा हेल्परच्या तोंडावर आला. ऑपरेटरने जे करायला हवं तेच केलं, इमर्जन्सी स्टॉप दाबला. पंप थांबला, पॅनेल मेलं आणि त्याबरोबर आयवॉशवरचा हिरवा दिवाही. जोडीदाराने भिंतीला हात लावत, पाइप चाचपत, आठवणीवर त्याला तिथे नेलं. डोळा वाचला. पण ज्या बटणाने अपघात थांबवायचा, त्याच बटणाने वाट दाखवणारा दिवा विझत होता, आणि इतक्या वर्षांत ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

म्हणून या दिव्याला कुठल्याही मशीनच्या पॅनेलमधून वीज देऊ नका. लाइटिंग डीबीवरून (दिव्यांच्या वितरण पेटीवरून) वेगळी एमसीबी, म्हणजे छोटा सर्किट ब्रेकर, द्या, तिच्यावर नाव लिहा आणि मागे बॅटरी किंवा यूपीएस ठेवा. डीजी (डिझेल जनरेटर) आहे म्हणून निश्चिंत राहू नका. लाइट गेल्यावर डीजी सुरू होऊन लोड घेईपर्यंत काही सेकंद जातातच, आणि आयवॉशपर्यंत पोहोचायला झेड ३५८.१ देतं ते १० सेकंद. बॅटरी १५ मिनिटांपेक्षा बरीच जास्त टिकायला हवी. मी किमान तासभर धरतो, कारण धुणं संपल्यावर माणसाला गाडीपर्यंतही न्यायचं असतं.

मराठवाड्याचं ऊन आणि पाणी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. बऱ्याच एलईडी दिव्यांच्या नेमप्लेटवर सभोवतालचं कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. असा दिवा छताजवळ लावला तर आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) लवकर जातो. ५० किंवा ५५ अंशांचा दिवा मागा. उघड्यावरच्या आयवॉशवर दिवसा हिरवा दिवा उन्हात दिसतच नाही. तिथे वर सावली धरणारी झडप लावा आणि शेजारी मोठा परावर्तक फलक उभा करा.

बोअरच्या पाण्याने वेगळाच त्रास होतो. आपलं पाणी जड, त्यातला क्षार फ्लो स्विचच्या पात्यावर साचतो आणि पातं अडकतं. मग पाणी वाहतंय आणि दिवा गप्प, किंवा पाणी बंद आणि दिवा लुकलुकतोय. बोअरचं पाणी असेल तिथे मी व्हॉल्व्हच्या दांड्यावर प्रॉक्सिमिटी सेन्सर (न शिवता जवळची धातूची वस्तू ओळखणारा) बसवणं पसंत करतो. पुश प्लेट दाबली की सिग्नल मिळतो आणि सेन्सरचा पाण्याशी संबंधच येत नाही. मात्र लाइनला पाणी आहे की नाही हे त्याने कळत नाही, त्यामुळे आठवड्याला पाणी सोडून पाहणं चुकवू नका.

पाण्यावरून आठवलं. पत्र्यावरून गेलेल्या जीआय पाइपातलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. झेड ३५८.१ प्रमाणे ते १६ ते ३८ अंशांत हवं. वर हिरवा दिवा पेटलेला आणि खाली कढत पाणी, हा त्या कामगाराशी विश्वासघात आहे. पाइपाला इन्सुलेशन घाला.

दिव्याचं आयपी रेटिंग (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा) ६५ च्या खाली नको, जिथे होजने फरशी धुतात तिथे ६६ घ्या. पिकलिंग (ॲसिडने धातू साफ करणं) आणि प्लेटिंगच्या शेडमध्ये ॲसिडच्या वाफेने गॅल्वनाइज्ड ब्रॅकेट गळून पडतं, तिथे फायबरची बॉडी लावा. सॉल्व्हंटच्या जागी फ्लेमप्रूफ आणि पेसोची (स्फोटक पदार्थांच्या सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेची) मान्यता असलेलाच दिवा लागतो, यात तडजोड नाही. साखर कारखान्यांत इव्हॅपोरेटर कॉस्टिकने उकळतात, तिथल्या वाफेने काच धुरकट होते. तिथे हंगामात दर पाळीला काच पुसायचं काम कुणाच्या तरी नावावर लावा.

बंद दिवा मंद का जळतो?

हा फोन मला वारंवार येतो. पाणी बंद आहे, स्विच उघडा म्हणजे बंद स्थितीत आहे, तरी २३० व्होल्टचा एलईडी मंद मंद जळतो. वायरमन फ्लो स्विच बदलतो, तरी तेच. दोष बहुतेक वेळा स्विचचा नसतो. लांब केबल पॉवर केबलच्या शेजारून एकाच ट्रेमधून नेली की तिच्यात व्होल्टेज इंड्यूस होतं, आणि एलईडीला पेटायला अगदी थोडा करंट पुरतो. दोन वायरींचा प्रॉक्सिमिटी असेल तर त्याचा लिकेज करंटही हेच करतो. केबल वेगळ्या मार्गाने न्या, मध्ये रिले घाला, नवीन काम असेल तर सरळ २४ व्होल्ट डीसी घ्या. हे दुर्लक्षू नका. अर्धवट जळणारा दिवा रोज पाहून लोकांची नजर मरते आणि खरंच लुकलुकला तरी कुणी मान वर करत नाही.

दिवा बसवल्यावर रात्रपाळीत एकदा असं करा. शेडचे अर्धे लाइट घालवा, जिथे ॲसिड किंवा कॉस्टिक हाताळतात तिथे उभे राहा, डोळे किलकिले करा आणि पाहा. मधल्या पॅलेटच्या थप्पीमागे हिरवा उजेड दिसला नाही, तर दिवा अजून वर घ्या.