वखारीचे फ्लॅट होण्याआधी

जुन्या इमारतीची मापं, फोटो आणि नोंदी करायचं, म्हणजे डॉक्युमेंटेशनचं, पहिलं काम मिळालं की सगळे टेप आणि कॅमेरा घेऊन आधी दर्शनी भिंतीकडे पळतात. ती भिंत कुठे जात नाही. जे झाकलं जाणार, ते आधी मोजा.

मी काम केलं ती वखार सोलापूर स्टेशनकडची, कापसाच्या गासड्यांची. काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यातल्या विटा, छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, मंगलोरी कौलं. मालकाला आत स्लॅब टाकून फ्लॅट काढायचे होते. स्लॅब पडला की खिडक्यांच्या कमानी मधोमध कापल्या जाणार आणि कैच्या सीलिंगमागे गडप होणार. म्हणून सुरुवात तिथून केली. मापं रनिंग घ्या, म्हणजे एका टोकाला शून्य धरून टेप न हलवता सलग, प्रत्येक खणाचे, म्हणजे दोन कैच्यांमधल्या भागाचे, कर्ण घ्या, माप विटेवरून घेतलं की प्लास्टरवरून ते तिथल्या तिथे लिहा. बाकी तुम्हाला येतंच. एप्रिल-मे असेल तर सकाळी सहाला कामाला लागा. दुपारी त्या कौलांखाली डोकं चालत नाही, आणि न चालणाऱ्या डोक्याने लिहिलेला आकडा घरी येऊन कुणालाच कळत नाही.

आता इमारत कधी बांधली त्या सालाचं बघू, कारण मी तिथेच अडकलो.

कौल उलटलं तर पाठीवर ठळक अक्षरांत बासेल मिशन, मंगलोर आणि 1865. सोलापुरात रेल्वे आली 1860 ला. रेल्वेपाठोपाठ पाच वर्षांत स्टेशनजवळ वखार, इतकं चपखल जुळतं की शंकाच येत नाही. आमच्या सिनिअरांनीही मान डोलावली, आणि मसुद्याच्या पहिल्या पानावर ते साल गेलं. पण 1865 हे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळुरातला कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. कौलांवर ते पुढे कित्येक वर्षं उठवलं जात होतं. म्हणजे हातातलं कौल 1880 चं असू शकतं, 1910 चंही. त्यात कौल ही इमारतीतली सगळ्यात फिरती वस्तू. वादळात फुटतं, माकडं फोडतात, शाकारणीत बदलतं, दुसऱ्या पाडकामातून आणूनही चढवतात. कौलाचं साल फार तर कौलाबद्दल सांगेल, भिंतीबद्दल नाही.

मग भरवसा कशावर ठेवायचा? भिंत चढतानाच जे तिच्यात अडकलं, त्यावर. आमच्या मोठ्या दारावरच्या लोखंडी गर्डरवर डॉर्मन लाँगचा शिक्का होता. इंग्लंडातल्या मिडल्सब्रोची ही कंपनी 1875 ला सुरू झाली, म्हणजे गर्डर त्याआधीचा असूच शकत नाही. तरी थांबा. गर्डर मूळचा, की दार रुंद करताना नंतर घुसवलेला? त्याच्या टोकाशी विटा बघा. थर न तुटता येऊन भिडलेत आणि सांध्यात बाकी भिंतीतलाच चुना आहे, तर तो भिंतीबरोबरचा. विटा फोडून तुकडे कोंबलेत, सिमेंट दिसतंय, तर नंतरचा. आमचे थर अखंड होते. त्यावरून लिहायचं एवढंच: या दाराची भिंत 1875 नंतरची. ‘अंदाजे 1880’ सुद्धा नाही. आणि ‘या दाराची’ हेही मुद्दाम, कारण मागच्या कोपऱ्यात जोत्यापासून वरपर्यंत सरळ उभा सांधा होता, दोन्हीकडच्या विटा एकमेकींत न गुंतलेल्या. ती बाजू वेगळ्या वेळची. मिळकत पत्रिकेतली तारीखही मालकी कधी नोंदली ते सांगते, वीट कधी रचली ते नाही.

घाबरू नका. नेमकं साल न मिळणं हे काम वाईट झाल्याचं लक्षण नाही. ‘पुराव्यावरून एवढंच म्हणता येतं’ असं लिहायला लाज वाटू देऊ नका, कुणी कितीही आग्रह धरला तरी. मालकाला जाहिरातीसाठी जुनं साल हवंच असतं. ती त्यांची गरज, तुमची नव्हे.

मोबाइल स्कॅनने आकार झटकन मिळतो, जरूर करा. पण उभा सांधा स्कॅनमध्ये दिसत नाही, तो हात फिरवून आणि तिरपा टॉर्च मारून सापडतो. माझ्या मते एखादा म्हातारा गवंडी सोबत असला तर तो चार सल्लागारांना भारी. जुन्या हमालांशीही बोला. तेलुगू किंवा कन्नड येणारा मित्र बरोबर घ्या, आपल्या गावात त्याला तोटा नाही. ‘वखार कधीची?’ विचारलं की ‘लई जुनी’ एवढंच मिळतं. ‘अप्पा, गासडी कुठल्या दारानं आत यायची?’ विचारा. आम्हाला बुजवलेलं दार असंच कळलं.

करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या: प्लास्टर उतरवतील त्या दिवसांत पुन्हा आत यायची परवानगी, आणि विटेचा, चुन्याचा, कौलाचा एकेक नमुना जागेची चिठ्ठी लावून बाजूला काढायची मुभा. कंत्राटदाराच्या लेखी तो राडारोडाच असतो, आणि ट्रॅक्टर भल्या पहाटे येतो.